पडद्यावरची बिजागरी

अहवाल बावीस पानांचा होता आणि माझी सही शेवटच्या पानावर हवी होती. पुण्याच्या सल्लागाराची सही आधीच झालेली होती. तिच्याखाली ‘कारखान्याच्या वतीने मान्य’ असं छापलेलं आणि पुढे रिकामी रेघ. आमच्या कारखान्याच्या मालकांना आम्ही सगळे भाऊ म्हणतो. त्यांनी पेनाचं टोपण काढून पेन माझ्यापुढे ठेवलं होतं.

“आधी वाचते,” मी म्हणाले.

“वाचा की. पण त्यात काय आहे ते तुम्हाला ठाऊकच आहे, ताई.”

ठाऊक होतंच. भट्टीचं तापमान मर्यादेत, पत्र्यावरचा ताण मर्यादेत, तेव्हा भट्टीच्या तोंडाशी तडा जाण्याचं कारण निकृष्ट वेल्डिंग, असं शेवटच्या परिच्छेदात लिहिलं होतं. आमच्याकडे भट्टीच्या मुख्य जोडाचं वेल्डिंग एकच माणूस करायचा. सगळे त्यांना नाना म्हणत. अहवालात नाव कुठेच नव्हतं, पण वाचणाऱ्या प्रत्येकाला ते दिसत होतं.

मी पेनाला टोपण लावलं आणि अहवाल घेऊन माझ्या टेबलाशी गेले. सही केली नाही. त्यानंतरचे दोन महिने कारखान्यातली माणसं माझ्याशी जरा जपूनच बोलायची.

कारखाना नरडाण्याच्या एमआयडीसीत आहे आणि तिथली ड्रॉइंग मी करते. मी राहते जळगावात, मेहरूणला, आईबरोबर. सकाळी सुरत लाइनच्या गाडीने यायचं, संध्याकाळी त्याच लाइनने परत. आम्ही गरम हवेच्या भट्ट्या बनवतो. पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांचा, भुसा दाबून केलेल्या कांड्या त्यांच्यात जळतात आणि त्यावर तापलेली हवा मका नाहीतर मिरची वाळवायला जाते. भट्टीचं पोट म्हणजे सहा मिलिमीटर पत्र्याचं आडवं पिंप. त्याच्या तोंडाला जाड पोलादी कडं वेल्ड केलेलं असतं आणि त्या कड्यावर बोल्टांनी दार बसतं. पिंप चांगलंच तापतं. कडं बाहेरच्या हवेत, त्यामानाने थंड. तापलेला पत्रा फुगायला बघतो आणि कडं त्याला फुगू देत नाही. दोघांचं सगळं भांडण त्या एका जोडावर येतं.

आता एक गोष्ट सांगूनच टाकते. ते कडं इतकं जाड माझ्यामुळे झालं होतं. आधीच्या भट्ट्यांची कडी पातळ असायची, ती तापून वाकायची, दाराच्या फटीतून धूर यायचा. तक्रारी आल्या तेव्हा मी ड्रॉइंग बदललं आणि कड्याची जाडी दुप्पट केली. धूर थांबला. भाऊंनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. मीही ते घरी आईला सांगितलं होतं. त्या नव्या ड्रॉइंगची पहिली भट्टी मुक्ताईनगरला गेली आणि मक्याच्या पहिल्याच हंगामात तिच्या तोंडाशी तडा गेला.

म्हणजे सही केली असती तर मी सुटत होते. अहवालाने दोष नानांवर टाकला होता आणि माझ्या ड्रॉइंगला पास केलं होतं. भाऊंनी हे मला नंतर स्पष्टच विचारलं. “वेल्ड चांगला म्हणता. मग ड्रॉइंग वाईट. ड्रॉइंग कोणाचं?”

“माझं.”

“मग?”

“मग माझं,” मी म्हणाले.

पण ते नंतर. आधी मुक्ताईनगर.

तिथलं मका वाळवण्याचं केंद्र एक बाई चालवायच्या. साठीच्या आसपासच्या, कडक. सगळे त्यांना अक्का म्हणत. मी आणि नाना कारखान्याच्या गाडीने गेलो तेव्हा भट्टी दोन दिवसांपासून बंद होती आणि बाहेर मक्याच्या गोण्या ताडपत्रीखाली झाकून ठेवल्या होत्या. अक्का आम्हाला पाणी देऊन म्हणाल्या, “बघा काय बघायचं ते. पण तुम्ही दोघं तुमचीच बाजू सांगणार. मला बाहेरच्या माणसाकडून लिहून पाहिजे.” त्यांचं चुकीचं नव्हतं. पुण्याचा सल्लागार आला तो त्यांच्या या मागणीमुळे.

नानांनी जोड तारेच्या ब्रशने घासून साफ केला. मी त्यावर लाल रंगाचा फवारा मारला, थोडा वेळ थांबून पुसला आणि वरून पांढरी पावडर फवारली. तड्यात शिरलेला लाल रंग पांढऱ्यावर उमटून येतो. हळूहळू एक बारीक लाल रेघ उमटली, कड्याच्या कडेने हातभर लांब. नाना गुडघ्यावर बसले आणि चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ बघत राहिले.

“वेल्डमा नई शे,” ते म्हणाले. “वेल्डना कडेले शे. पत्रामा.”

तडा वेल्डच्या अंगात नव्हता, वेल्डला लागून पत्र्यात होता. मलाही ते दिसत होतं. मी फोटो काढले. पण फोटो पाहून पुण्याहून उत्तर आलं की वेल्डच्या पायथ्याशी खाच राहिली असेल, वेल्डरने गरजेपेक्षा जास्त उष्णता दिली असेल, त्यामुळे शेजारचा पत्रा ठिसूळ झाला असेल. तीन वेळा ‘असेल’. अहवालात येईपर्यंत त्याचं ‘आहे’ झालं.

अहवालानंतरच्या सोमवारी नानांना मुख्य जोडावरून काढून स्टँड बनवायला बसवलं. भट्टीखालचे पाय, जिने, कठडे. तीस वर्षं वेल्डिंग केलेला माणूस कठड्याचे पाइप जोडत बसला. त्यांनी तोंडावर घ्यायची वेल्डिंगची काच उचलली, आपला स्टूल उचलला आणि शेडच्या दुसऱ्या टोकाला गेले.

मी सल्लागारांना फोन केला आणि त्यांच्या कॉम्प्युटरवरच्या मॉडेलची फाइल मागितली.

“फाइल कशाला? अहवालात सगळी चित्रं आहेत.”

“चित्रं पाहिली, सर. मॉडेल बघायचंय.”

“मॅडम, रन स्वच्छ झालाय. एक एरर नाही, एक वॉर्निंग नाही. तुम्ही काय तपासणार?” मग त्यांनी विचारलं, “तुमचं शिक्षण कुठलं?”

“धुळ्याचं.”

“अच्छा,” ते म्हणाले.

तो ‘अच्छा’ मी विसरलेले नाही. धुळ्याच्या कॉलेजात मी चार वर्षं काढली, दोन मैलांवरून सायकलने जाऊन. तिथल्या लॅबमधले कॉम्प्युटर जुने होते, पण गणित तेच होतं जे पुण्यात असतं. फाइल मिळेपर्यंत मी रोज सकाळी बरोबर साडेदहाला फोन करत राहिले. आठव्या दिवशी फाइल आली.

आता हे काम काय असतं ते थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. भट्टीसारखी वस्तू कॉम्प्युटरमध्ये हजारो लहान तुकड्यांत कापतात. त्या तुकड्याला एलिमेंट म्हणतात. तुकडे जिथे एकमेकांना भेटतात ते बिंदू म्हणजे नोड. आधी उष्णतेचा हिशेब होतो: कुठल्या नोडवर किती तापमान. मग तीच तापमानं घेऊन दुसरा हिशेब होतो: त्या तापण्याने वस्तू किती फुगली, कुठे ताण आला. दोन हिशेबांसाठी एलिमेंटचे प्रकार वेगळे लागतात. सॉफ्टवेअरमध्ये एक आदेश असतो, तो दिला की उष्णतेचे एलिमेंट आपोआप ताणाच्या एलिमेंटमध्ये बदलतात. सोय आहे. सगळे वापरतात. मीही वापरते.

सॉफ्टवेअर आमच्याकडेही होतं, एकच परवाना, माझ्या टेबलावरच्या मशीनवर. मी फाइल उघडली आणि रन केली. अहवालातली चित्रं जशीच्या तशी आली. जोडावर सगळं निळं. निळं म्हणजे ताण कमी.

पहिला संशय मी तापमानावर घेतला. मला खात्रीच होती की यांनी भट्टी प्रत्यक्षापेक्षा थंड धरली आहे. तसं मी भाऊंना बोलूनही बसले. आमच्याकडची तापमान मोजायची बंदूक आणि जोडाला चिकटवायच्या वायरी घेऊन परत मुक्ताईनगरला गेले. भाऊंनी तोवर तडा तात्पुरता बुजवून भट्टी मंद आचेवर चालवायला लावली होती. अक्कांनी माझ्यासाठी एक दिवस ती पूर्ण तापवू दिली. मी दिवसभर आकडे लिहीत राहिले. परत आल्यावर ते मॉडेलशी ताडून पाहिले तर सल्लागारांचे आकडे जवळपास अचूक होते. उष्णतेचा हिशेब बरोबर होता.

भाऊ म्हणाले, “झालं समाधान?”

“नाही.”

दुसरा संशय पोलादाच्या गुणांवर घेतला. तापल्यावर पोलाद मऊ पडतं, फुगण्याचं प्रमाण बदलतं, ते त्यांनी दिलंय का. दिलं होतं, व्यवस्थित. हिशेबाची सुरुवात कुठल्या तापमानापासून धरली तेही बरोबर होतं. सल्लागार हुशार होते, हे मला मान्य करावं लागलं. आणि मान्य केल्यावर मला जास्तच राग आला, कारण एवढ्या हुशार माणसाचं उत्तर मी पांढऱ्या पावडरवर डोळ्यांनी खोटं ठरलेलं पाहिलं होतं.

तीन आठवडे झाले. ऑफिसातले लोक माझ्या टेबलाजवळून जाताना हसायचे. एकदा भाऊंनी मला आत बोलावून समजावलं. ते वाईट गृहस्थ नाहीत. “ताई, अक्कांना नवीन भट्टी देऊन टाकू. नानांना कोणी काढत नाहीये. स्टँडचंही काम कामच आहे. तुम्ही सही करा, विषय मिटवा.”

“नवीन भट्टी कुठल्या ड्रॉइंगची देणार?”

“याच. पास झालंय ना.”

“ती पण तडकेल.”

“तुमच्या ड्रॉइंगवर तुमचाच विश्वास नाही?”

“नाही,” मी म्हणाले.

त्याच आठवड्यात एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत नाना माझ्या टेबलाशी आले. ते ऑफिसात सहसा येत नसत. हातात डबा होता. त्यात भाकरी आणि ठेचा. त्यांच्या बायकोने माझ्यासाठी म्हणून थोडा वेगळा बांधून दिला होता. मी खुर्ची दिली. पडद्यावर मी भट्टी फुगल्यावर तिचा आकार कसा बदलतो ते चित्र लावलं होतं. खरा बदल केसाएवढा असतो, दिसावा म्हणून तो शेकडो पट मोठा करून दाखवतात. नाना भाकरी मोडता मोडता थांबले.

“हाई काय शे? आठे बिजागरी लायेल शे का?”

घरी आम्हीही अहिराणीच बोलतो, त्यामुळे मीही तसंच म्हणाले, “बिजागरी नई शे, नाना. हाऊ तुमना वेल्ड शे. चित्र मोठं करेल शे, म्हनीसन तसं दिसस.”

ते पडद्याच्या जवळ आले. कड्याला लागून पत्रा जिथे फुगत होता तिथे बोट ठेवलं. पत्रा कड्यापासून सरळ तिरका उठला होता, दार उघडल्यासारखा. “मोठं कर नई ते ल्हानं कर. वेल्ड असा तोंड उघाडस नई, माय. कोपरा कोपराच ऱ्हास. पत्रा पुढे जाईसन वाकी.”

त्यांनी भाकरी संपवली, डबा बंद केला आणि ते गेले.

मी मात्र त्या चित्राकडे बघत राहिले. वेल्ड केलेला कोपरा तापल्यावरही आपला कोन सोडत नाही. काटकोन काटकोनच राहतो, आणि पत्र्याला फुगायचं असेल तर त्याला कड्यातून सरळ निघून मग गोलाई घेऊन वाकावं लागतं. ती गोलाई म्हणजेच वाकण्याचा ताण. पडद्यावर गोलाई नव्हती. पत्रा कड्यापाशीच मोडल्यासारखा फिरला होता, अगदी बिजागरीवर फिरावा तसा. आणि जोडावरचा वाकण्याचा ताण मी आकड्यांत काढून पाहिला तर तो कमी नव्हता, तो जवळजवळ शून्य होता. घट्ट धरलेल्या जोडावर तो शून्य असूच शकत नाही. तीन आठवडे मी निळा रंग बघत होते आणि ‘कमी’ आणि ‘शून्य’ यांच्यातला फरक विचारायचं मला सुचलं नव्हतं.

मग मी एलिमेंटची यादी उघडली. पिंपाचा पत्रा पातळ, म्हणून त्याला शेल प्रकारचे एलिमेंट दिले होते, म्हणजे कागदासारखे. कडं जाड, म्हणून त्याला सॉलिड, म्हणजे विटेसारखे. दोन्ही निवडी आपापल्या जागी बरोबर. जोडावर कागदाची कड विटेच्या नोडला जोडलेली. उष्णतेच्या हिशेबात प्रत्येक नोडला एकच गोष्ट माहीत असते, तापमान. ती कागदालाही कळते आणि विटेलाही. उष्णता इकडून तिकडे बिनबोभाट गेली. म्हणून माझे मुक्ताईनगरचे आकडे जुळले होते.

मग तो आदेश दिला गेला, उष्णतेचे एलिमेंट ताणाचे झाले. आता कागदाच्या नोडला सहा गोष्टी माहीत असतात: तीन दिशांना सरकणं आणि तीन दिशांना फिरणं. विटेच्या नोडला फक्त तीनच माहीत असतात, सरकणं. फिरणं तिला ठाऊकच नाही. कागदाची कड फिरायला लागली तर तिला अडवणारं विटेत कोणी नाही. जोड सरकत नव्हता, पण मोकळा फिरत होता. नानांनी पडद्यावर पाहिलं तेच हिशेबात घडलं होतं. सबंध कडेने बिजागरी. आणि गोल पिंपाचा आकारच असा, की त्याच्या कडेभर बिजागरी लावली तरी ते कोसळत नाही. म्हणून सॉफ्टवेअरही गप्प राहिलं. एरर नाही, वॉर्निंग नाही.

मी उठून शेडच्या दुसऱ्या टोकाला गेले. नाना कठडा जोडत होते. त्यांनी काच वर केल्यावर मी सांगितलं, “नाना, बिजागरीच शे.”

“मी काय वेगळं बोलनू?” ते म्हणाले आणि काच खाली घेतली.

त्यांचं बरोबर होतं. पण मला ते कागदावर सिद्ध करायचं होतं, आणि तेही अशा रीतीने की पुण्याच्या माणसाला त्यातून निसटता येऊ नये. मोठ्या मॉडेलला मी हात लावला नाही. एक लहान पिंप केलं, एक कडं, बाकी काही नाही. या आकारासाठी पुस्तकी सूत्र आहे, कॉलेजात शिकवलेलं. ते मी कागदावर हाताने सोडवलं. एकदा जोड घट्ट धरून, एकदा बिजागरी धरून. घट्ट जोडावर वाकण्याचा ताण, बिजागरी धरली तर पत्र्यात जास्तीत जास्त जेवढा येतो त्याच्या तिप्पट आला, आणि तो अगदी कडेला आला. मग तेच पिंप कॉम्प्युटरमध्ये सल्लागारांच्या पद्धतीने केलं. उत्तर बिजागरीच्या सूत्राशी जुळलं. शेवटी जोडाच्या आसपासचा पत्राही विटांचाच केला, जाडीत चार थर देऊन, तेव्हा उत्तर घट्ट जोडाच्या सूत्राशी जुळलं. मग ती दुरुस्ती मोठ्या मॉडेलमध्ये केली. जोडाला लागून, पत्र्याच्या बाजूला, लाल पट्टा आला. मुक्ताईनगरला पांढऱ्या पावडरवर लाल रेघ जिथे उमटली होती तिथेच.

आनंद झाला, खोटं कशाला सांगू. आणि त्याच क्षणी हेही दिसलं की कडं जितकं जाड तितका पट्टा लाल. जुन्या पातळ कड्याने मी मॉडेल चालवलं तर ताण बराच उतरला. वाकणारं, धूर सोडणारं ते कडं पत्र्याला थोडं सोबत घेऊन वाकायचं म्हणून पत्रा वाचायचा. ते वाकणं मी बंद केलं होतं. तडा माझा होता.

मी दोन पानं लिहिली. पहिल्या पानावर सल्लागारांची चूक, दुसऱ्यावर माझी. दोन्ही पानांवर सही केली आणि भाऊंच्या टेबलावर ठेवली.

त्यांनी वाचलं. मग म्हणाले, “दुसरं पान काढा. पहिलंच दाखवू.”

“दोन्ही जातील.”

“अक्कांच्या हातात हे पान गेलं तर?”

“अक्कांची भट्टी तडकलीय, भाऊ. त्यांना दोन्ही पानं वाचायचा हक्क आहे.”

सल्लागार पुढच्या आठवड्यात स्वतः नरडाण्याला आले. गोरेसे, नीटनेटके, बोलायला सभ्य. बैठकीच्या खोलीत भाऊ, ते आणि मी. त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं की ते वीस वर्षं हेच काम करत आहेत.

“मग दहा मिनिटंही लागायची नाहीत, सर,” मी म्हणाले आणि त्यांचंच मॉडेल भिंतीवर लावलं. “हा शेलचा नोड. याला किती गोष्टी माहीत आहेत?”

“सहा, अर्थात.”

“आणि हा सॉलिडचा?”

“तीन.”

“आणि हा नोड दोघांचा सामाईक आहे. तर इथे फिरणं कोण अडवतंय?”

ते उत्तर द्यायला निघाले आणि थांबले. भाऊ माझ्याकडे, मग त्यांच्याकडे बघत होते. सल्लागार उठून भिंतीपाशी गेले, चित्र जवळून पाहिलं, माझा हातचा हिशेब मागितला आणि उभ्या उभ्या वाचला. एक ओळ त्यांनी दोनदा वाचली. नंतर परत येऊन बसले.

“हा मॉडेलिंगमधला बारकावा आहे,” ते म्हणाले.

“या बारकाव्यावर एका माणसाचं काम गेलंय, सर.”

“निष्कर्षात मी थोडा बदल करू शकतो. ‘संयुक्त कारणं’ असं लिहू. रचना आणि वेल्डिंग, दोन्ही.”

भाऊंना हे आवडलं. त्यांचा चेहराच सैल झाला. सगळ्यांचं थोडं थोडं, कोणाचंच पूर्ण नाही. धंद्यात याहून सोयीचं काय असतं. ते माझ्याकडे बघून मान हलवायला लागले.

“वेल्डिंगचा पुरावा काय?” मी विचारलं.

“तसा थेट पुरावा नाही, पण...”

“मग तो शब्द काढा. रचना लिहा. रचना माझी आहे, माझं नाव लिहिलंत तरी चालेल. वेल्डिंग हा शब्द अहवालात राहिला तर ही दोन पानं देताना तो खोटा आहे हे मी स्वतः अक्कांना सांगेन, आणि त्यानंतर मला इथे ठेवायचं की नाही ते भाऊंनी ठरवावं.”

असं मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. धमकी द्यायचा माझा स्वभाव नाही आणि नोकरी जाण्याची मला भीतीही होती; घर माझ्याच पगारावर चालतं. पण त्या क्षणी मागे घ्यावं असं एकदाही वाटलं नाही.

सुधारित अहवाल दहा दिवसांनी आला. वेल्डिंगचा परिच्छेद गेला होता. माझं नाव कुठेच नव्हतं, चूक कशी सापडली तेही नव्हतं. ‘अधिक तपशीलवार विश्लेषणानंतर’ एवढंच. माफीचा शब्द नव्हता. त्यावर मी सही केली.

मी नानांना सांगायला गेले की आता मुख्य जोडावर परत चला. त्यांनी मान हलवली नाही.

“भाऊनी बठ्ठासना समोर सांगाले जोयजे,” ते म्हणाले. “माले बठ्ठासना समोर आठे आनेल शे.”

सगळ्यांसमोर त्यांना इथे आणून बसवलं होतं, तर सगळ्यांसमोरच सांगायला हवं, एवढंच त्यांचं म्हणणं. आवाज चढवला नाही. भाऊंनी आधी माझ्याकडून निरोप पाठवून पाहिला, मग सुपरवायझरकडून. नाना कठडे जोडत राहिले. चार दिवस मुख्य जोडाचं काम अडून होतं, मधले दिवस दुसऱ्याने भागवलं होतं, पण आता नानांशिवाय ते कोणाला करू द्यायची भाऊंचीच हिंमत नव्हती. पाचव्या दिवशी सकाळी, पाळी सुरू होताना, भाऊ शेडमध्ये आले आणि सगळे जमले असताना म्हणाले, “नानांचा वेल्ड चांगला होता. आमचंच चुकलं.” नंतर, “ड्रॉइंग चुकलं होतं,” असंही म्हणाले. काही जणांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली मान घातली नाही.

नानांनी स्टूल उचलला आणि जुन्या जागी नेऊन ठेवला.

नवीन ड्रॉइंगमध्ये मी कडं जाडच ठेवलं, पण त्याला पत्र्याच्या बाजूने उतरती निमुळती गर्दन दिली, म्हणजे जाड एकदम पातळ होत नाही आणि वेल्ड थंड कड्यापासून दूर जातो. मॉडेलमध्ये सुरुवातीपासून सगळं विटांचं. ताण उतरला, कडं वाकत नव्हतं, धूर नव्हता. मी ते कागदावर काढून नानांकडे नेलं. मला वाटलं होतं ते खूश होतील.

त्यांनी कागद उलटसुलट धरून पाहिला. “हाई गर्दन इतली आखूड करेल शे. आतून वेल्ड घासाले ग्राइंडर लागी. आठे मना हात कसा जाई?”

मी म्हणाले की ताण या लांबीला सगळ्यात कमी येतो, पाच वेगवेगळ्या लांब्या करून पाहिल्यात.

“मंग तो ताणले सांग घासाले,” नाना म्हणाले.

मी चिडले. ते वादातून माघार घेणारे नव्हते, मीही नव्हते. अर्धा तास आम्ही शेडमध्ये उभं राहून भांडलो, सुपरवायझर लांबूनच निघून गेला. शेवटी त्यांनी ग्राइंडर आणला, एका पाइपाच्या तुकड्यात हात घालून दाखवला आणि कोपर जिथे अडलं तिथे खडूने खूण केली. ती लांबी मी मोजली. माझ्या आकड्यापेक्षा दोन बोटं जास्त. टेबलाशी येऊन त्या लांबीने मॉडेल परत चालवलं. ताण थोडा वाढला, मर्यादेत राहिला. मी ड्रॉइंग बदललं.

मुक्ताईनगरची नवी भट्टी त्या ड्रॉइंगची गेली. सुधारित अहवालाबरोबर माझी दोन्ही पानं मीच अक्कांना नेऊन दिली. त्यांनी चष्मा लावून दोन्ही वाचली आणि विचारलं, “हे दुसरं तुझ्याबद्दल आहे?” मी हो म्हणाले. त्यांनी पानं घडी करून कपाटात ठेवली आणि मक्याची गाडी उतरवायला माणसं बोलावली.